घराच्या विम्याची निवड इतकी अवघड का? लंडनच्या आगीपासून भारत गृह रक्षेपर्यंत (थ्रेड)

१/
लंडन, १६८४. गावाकडच्या एका सद्गृहस्थाला लिहिलेले पत्र, असे रूप दिलेली एक छोटी पुस्तिका छापून बाहेर पडली. घरांचा आगीचा विमा उतरवणाऱ्या दोन कचेऱ्या तेव्हा शहरात होत्या आणि त्या दोहोंचा हिशेब या पत्रात मांडला होता. घराच्या विम्याची तुलना करणारे हे अगदी आरंभीचे छापील लेखन. ते निकोलस बार्बन याच्या नावावर मांडले जाते. आणि त्या दोन कचेऱ्यांपैकी एक खुद्द बार्बनचीच होती.

२/
घराचा विमा घेऊ पाहणाऱ्याची अडचण तेव्हापासून चालत आली आहे. त्याला तीन प्रश्न पडतात. वेळ आली तर पैसे देण्याची ऐपत कोणाची? नेमक्या कोणत्या नुकसानीचे पैसे मिळणार? आणि मागितलेला हप्ता वाजवी आहे की नाही? गेल्या साडेतीनशे वर्षांत या प्रश्नांची उत्तरे अनेकदा शोधली गेली. एकाचे उत्तर सापडले की दुसरा प्रश्न अधिक बिकट होई. त्या शोधाचा हा इतिहास.

३/
२ सप्टेंबर १६६६ च्या पहाटे पुडिंग लेनमधल्या एका बेकरीत लागलेली आग चार दिवस पसरत राहिली. सुमारे १३,२०० घरे, ८७ चर्च आणि सेंट पॉल कॅथीड्रल तिच्या भक्ष्यस्थानी पडले. जहाजांचा आणि सागरी मालाचा विमा युरोपातल्या व्यापाऱ्यांना शतकानुशतके ठाऊक होता. परंतु लंडनमध्ये जळालेल्या त्या हजारो घरांपैकी एकाचाही विमा नव्हता, कारण घराचा विमा विकणारेच कोणी नव्हते.

४/
घर जळाले, ते पुन्हा बांधायचे कोणी? बहुतेक लोक भाडेपट्ट्याने राहत होते आणि पट्ट्यातल्या अटींनुसार दुरुस्तीचा, पुनर्बांधणीचा भार बऱ्याचदा भाडेकरूवर पडे. म्हणजे ज्याचे सर्वस्व गेले त्यानेच मालकाचे घर उभारायचे, आणि वर भाडेही चालू ठेवायचे. हे तंटे सोडवण्यासाठी पार्लमेंटने ‘फायर कोर्ट’ नावाचे खास न्यायालय नेमले. पट्ट्याची मुदत वाढवून, भाडे कमी करून मालक आणि भाडेकरू यांत तोटा वाटून देण्याचे काम त्या न्यायालयाने वर्षानुवर्षे केले.

५/
त्याआधी आगग्रस्ताला आधार होता तो दानाचा. राजाच्या अनुज्ञापत्राने चर्चमध्ये वर्गणी गोळा केली जाई. किती पैसे जमतील, कधी हाती येतील, मधल्या मध्ये किती गळतील, याचा भरवसा नसे. आपत्तीनंतर मागण्यापेक्षा आपत्तीपूर्वी हक्क विकत घ्यावा, ही कल्पना लोकांना पटली त्यामागे हा अनुभव होता.

६/
ती कल्पना बाजारात आणली निकोलस बार्बनने. शिक्षणाने तो वैद्य होता. आगीनंतर मात्र त्याने बांधकामाचा धंदा धरला आणि लंडनमध्ये गल्ल्याच्या गल्ल्या उभ्या केल्या. १६८० च्या सुमारास रॉयल एक्स्चेंजच्या मागे त्याने भागीदारांसह विम्याची कचेरी उघडली. तिचे नाव नुसतेच ‘फायर ऑफिस’. घरे बांधणारा आणि त्या घरांचा विमा विकणारा माणूस एकच, हे नातेही तितकेच जुने आहे.

७/
बार्बनचा दर समजायला सोपा होता. विटांच्या घराला वार्षिक भाड्याच्या अडीच टक्के, लाकडी घराला पाच टक्के. घर कशाचे बांधले आहे एवढेच पाहायचे आणि हप्ता सांगायचा. भरपाईची हमी म्हणून जमीनभाड्याच्या उत्पन्नाचा निधी तारण ठेवलेला होता. लवकरच काही हजार घरे या कचेरीकडे आली.

८/
मग स्पर्धा सुरू झाली. घरांचा विमा हे शहराचे काम आहे, खासगी नफेखोराचे नव्हे, असे म्हणत लंडनच्या नगरसभेने १६८१ मध्ये स्वतःची योजना काढली. पत्रकांना पत्रकांनी उत्तरे दिली जाऊ लागली. बार्बनच्या बाजूने विचारणा झाली की नगरसभेची तिजोरी खरोखर भरलेली आहे का? नगरसभेची योजना वर्षभरातच गुंडाळली गेली. जी संस्था सर्वांत भरवशाची वाटत होती तीच आधी मैदान सोडून गेली.

९/
१६८४ च्या सुमारास ‘फ्रेंडली सोसायटी’ पुढे आली. तिची रीत निराळी होती. सभासदांनी दरवर्षी थोडी रक्कम भरायची. मग प्रत्यक्ष आग लागून नुकसान झाले की ठरलेल्या मर्यादेपर्यंत सर्वांनी वर्गणी काढून ते भरून द्यायचे. वर्ष सुखाचे गेले तर खर्च अगदी कमी. वर्ष वाईट गेले तर दारावर मागणी येणार.

१०/
१६८४ च्या त्या पत्रातला वाद नेमका हाच. बार्बनकडे हप्ता ठरलेला, परंतु जास्त. सोसायटीकडे हप्ता कमी, परंतु अनिश्चित. एकीकडे निधीवर विश्वास ठेवायचा, दुसरीकडे शेजाऱ्यांच्या सचोटीवर. दोन्ही योजना ‘घराचा विमा’ याच नावाने विकल्या जात होत्या, आणि तरी त्या एका तराजूत घालता येत नव्हत्या. किमतीचे दोन आकडे शेजारी मांडून निवड होत नाही, ही गोष्ट ग्राहकाच्या प्रथमच लक्षात आली.

११/
त्यानंतर कचेऱ्या वाढत गेल्या. १६९६ मध्ये एका कॉफीगृहात ‘हँड इन हँड’ ही परस्पर संस्था जन्मली, १७१० मध्ये ‘सन फायर ऑफिस’. प्रत्येक कंपनी विमा उतरवलेल्या घराच्या दर्शनी भिंतीवर आपली धातूची खूणपाटी ठोके: कोणाचा फिनिक्स पक्षी, कोणाचे गुंफलेले हात, कोणाचा तळपता सूर्य. बऱ्याच पाट्यांवर पॉलिसीचा क्रमांकही असे.

१२/
याच पाट्यांवरून एक कथा रूढ झाली आहे. पाटी नसली किंवा ती दुसऱ्या कंपनीची असली, की बंबवाले घर जळू देत आणि निघून जात, अशी ती कथा. तिला समकालीन आधार फारसा सापडत नाही. शेजारचे घर जळत राहिले तर आपले विमा उतरवलेले घरही पेटणार, हे कंपन्यांना कळत होते. पुढे १८३३ मध्ये लंडनच्या कंपन्यांनी आपापली पथके एकत्र करून एकच अग्निशमन दल उभे केले.

१३/
अठराव्या शतकात दरांची वर्गवारी झाली: साधारण, धोक्याची आणि दुप्पट धोक्याची मालमत्ता. विटांचे राहते घर पहिल्या वर्गात. लाकडी घर किंवा ज्वालाग्राही व्यवसाय वरच्या वर्गात. जोखीम अधिक त्याला हप्ता अधिक, हे न्याय्यच होते. परंतु आपले घर कोणत्या वर्गात बसते हे ठरवणारा विकणारा होता, आणि घेणाऱ्याला ती पारख नव्हती.

१४/
त्यात सरकारची भर पडली. १७८२ मध्ये इंग्लंडने विमा रकमेच्या दर शंभर पौंडांमागे १ शिलिंग ६ पेन्स कर बसवला. तो वाढत वाढत १८१५ मध्ये ३ शिलिंगांवर गेला. स्पर्धेमुळे साध्या घराचा हप्ता खाली येत होता, पण कर तसाच राहिला. शेवटी कित्येक घरमालक कंपनीला देत त्यापेक्षा अधिक पैसे सरकारला देऊ लागले. खबरदारी घेणाऱ्यालाच दंड, अशी टीका अनेक वर्षे चालली. हा कर रद्द झाला तो १८६९ मध्ये.

१५/
अटलांटिकच्या पलीकडे आणखी एक गोष्ट घडली. बेंजामिन फ्रँकलिन यांच्या पुढाकाराने १७५२ मध्ये फिलाडेल्फियात घरांचा विमा उतरवणारी परस्पर संस्था निघाली. घरापुढच्या झाडांमुळे आग विझवायला अडथळा होतो, म्हणून १७८१ मध्ये तिने दारात झाड असलेल्या घरांचा विमा बंद केला. सावलीसाठी जपलेले झाड तोडा, नाहीतर विमा विसरा! १७८४ मध्ये झाडवाल्या घरमालकांनी दुसरी संस्था काढली, आणि तिची खूणपाटी होती हिरवे झाड.

१६/
स्पर्धेचा हा चांगला चेहरा. एकाने नाकारले ते दुसऱ्याने स्वीकारले. परंतु इथूनच अपवादांचे युग सुरू झाले. प्रत्येक कंपनी आपल्या अनुभवाप्रमाणे अटी घालू लागली: घर इतके दिवस रिकामे राहिले तर, दुसऱ्या कंपनीचाही विमा असला तर, घरात अमुक तेल ठेवले तर पॉलिसी रद्द. एकाच गल्लीतल्या दोन घरांच्या पॉलिशा वरून सारख्या दिसत, आतून मात्र एकमेकींशी जुळत नसत.

१७/
१८७३ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरच्या वरिष्ठ न्यायालयापुढे असाच एक खटला आला. न्यायमूर्ती चार्ल्स डो यांनी निकालपत्रात अशा पॉलिशांची सालटी काढली. अटींचे जंजाळ, अक्षर इतके बारीक आणि ओळी इतक्या दाट की वाचणाऱ्याच्या डोळ्यांनाच इजा व्हावी, अशा आशयाची त्यांची टीका होती. न वाचता येणारा करार वाचला नाही, म्हणून ग्राहकाला दोष कसा द्यायचा, हा त्या टीकेमागचा प्रश्न.

१८/
यावर उपाय निघाला तो कायद्याचा. मॅसॅच्युसेट्स राज्याने १८७३ मध्ये आगीच्या विम्याचा प्रमाणित मसुदा तयार केला. न्यूयॉर्कने १८८६ च्या कायद्याने तसेच केले आणि अनेक राज्यांनी न्यूयॉर्कचा मसुदा उचलला. शब्द सर्वांचे सारखे, म्हणून तुलना सोपी. १९४३ च्या सुधारित आवृत्तीत हा संपूर्ण करार १६५ ओळींत मावत होता.

१९/
ब्रिटनमध्ये वेगळी वाट निघाली. २२ जून १८६१ रोजी लंडनच्या टूली स्ट्रीटवरील गोदामांना भीषण आग लागली. दलाचे प्रमुख जेम्स ब्रेडवुड भिंत कोसळून मरण पावले. कंपन्यांना जबर फटका बसला. त्यांनी गोदामांचे दर एकदम चढवले, व्यापारी संतापले. परंतु कंपन्या एकजुटीने वागल्या. १८६८ मध्ये ‘फायर ऑफिसेस कमिटी’ रीतसर स्थापन झाली. दर ठरवायचे समितीने, पाळायचे सर्व सभासद कंपन्यांनी.

२०/
या दरपत्रकाला विम्याच्या व्यवहारात ‘टॅरिफ’ म्हणतात. त्याच्या समर्थकांचे म्हणणे असे की स्पर्धेपायी दर फार खाली गेले तर मोठ्या आगीत कंपनीच बुडते, आणि मग विमाधारकाला काहीच मिळत नाही. विरोधकांच्या मते ही सरळसरळ साखळी होती. ग्राहकापुरते पाहिले तर दहा दारे ठोठावण्यात अर्थ राहिला नाही, कारण दहाही दारांमागे एकच आकडा होता.

२१/
ऐपत, शब्द आणि दर या तिन्ही प्रश्नांची कसोटी लागली ती १८ एप्रिल १९०६ रोजी. पहाटे ५ वाजून १२ मिनिटांनी सॅन फ्रान्सिस्को भूकंपाने हादरले. पाण्याच्या नळवाहिन्या फुटल्या आणि ठिकठिकाणी लागलेल्या आगी तीन दिवस धुमसत राहिल्या. सुमारे २८ हजार इमारती नष्ट झाल्या. घरमालकांकडे विमा होता, पण तो आगीचा. भूकंपाचा नव्हे.

२२/
आता वाद सुरू झाला. घर आधी पडले की आधी पेटले? अनेक पॉलिशांत एक कलम होते: आगीखेरीज अन्य कारणाने इमारत कोसळली, तर त्या क्षणी विमा संपतो. त्यामुळे भूकंपानंतर आणि आगीपूर्वी आपले घर उभे होते, हे दाखवण्यासाठी लोकांनी साक्षीदार शोधले, छायाचित्रे मिळवली. ज्याचे घर राख झाले त्याला, ते राख होण्याआधी शाबूत होते हे सिद्ध करायचे होते.

२३/
कंपन्यांचे वर्तन एकसारखे नव्हते. काहींनी डॉलरला डॉलर मोजून दिला. काहींनी सरसकट पाव रक्कम कापली. त्यांना लोक ‘सिक्स-बिट’ कंपन्या म्हणू लागले, कारण डॉलरमागे ७५ सेंट म्हणजे सहा ‘बिट’ हाती येत. काही युरोपीय कंपन्यांनी भूकंपाच्या कलमावर बोट ठेवून हात वर केले. काही कंपन्या स्वतःच बुडाल्या. लंडनच्या लॉइड्समधील कथबर्ट हीथ यांनी मात्र आपल्या प्रतिनिधीला, कलमांचा कीस न काढता सर्वांचे पैसे चुकते करा, असा आदेश दिला.

२४/
१७ एप्रिलला या सर्व कंपन्यांच्या पॉलिशा विकत घेणाऱ्याला जवळजवळ सारख्याच दिसल्या असत्या. त्यांतला खरा फरक १८ एप्रिलनंतर कळला. विम्याची खरेदी इतर खरेदीहून वेगळी आहे ती येथे. कापड घेताना हाताने पारखता येते, धान्य घेताना तळहातावर घेऊन पाहता येते. विम्यात ग्राहक एक वचन घेतो, आणि ते खरे की पोकळ हे संकटाच्या दिवशीच समजते.

२५/
१ सप्टेंबर १९२३ रोजी टोकियो आणि योकोहामा भूकंपाने आणि त्यामागून आलेल्या आगीने उद्ध्वस्त झाली. जपानी अग्निविम्यात भूकंपामुळे लागलेली आग स्पष्टपणे वगळलेली होती. लोकक्षोभ इतका उसळला की कंपन्यांनी सरकारी कर्जाच्या साहाय्याने सांत्वनापोटी काही रक्कम दिली, तीही विमा रकमेच्या दहा टक्क्यांच्या आसपास. सरकारच्या पाठबळाने घरांना भूकंपविमा देणारा कायदा जपानने केला तो १९६६ मध्ये, नीगाता भूकंपानंतर दोन वर्षांनी.

२६/
आता आपल्याकडे. ‘विमा’ हा शब्द फारसीतून आला. वाटेवरच्या मालाची जोखीम उचलणे इथल्या सावकारी पेढ्यांना नवे नव्हते. ‘जोखमी हुंडी’चे पैसे तर माल सुखरूप पोहोचला तरच द्यावे लागत. घराचा विमा मात्र उशिरा आला. मुंबईच्या कोटात १८०३ च्या फेब्रुवारीत मोठी आग लागली. भारतातली पहिली सर्वसाधारण विमा कंपनी मानली जाणारी ट्रायटन कलकत्त्यात निघाली ती १८५० मध्ये, म्हणजे आणखी ४७ वर्षांनी.

२७/
भारतीय मालकीच्या कंपन्या विसाव्या शतकात आल्या. १९०७ मध्ये मुंबईत इंडियन मर्कंटाइल आणि १९१९ मध्ये सर दोराबजी टाटा यांची न्यू इंडिया. त्यांचा मुख्य भर गिरण्या, गोदामे, कापूस आणि जहाजे यांवर होता. सामान्य माणसाचे राहते घर ही विम्याच्या दृष्टीने लहानशी बाब. ती आजही पुष्कळ अंशी तशीच आहे.

२८/
१४ एप्रिल १९४४ च्या दुपारी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाचा स्फोट झाला. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके आणि कापसाच्या गाठी होत्या. शेकडो माणसे ठार झाली आणि गोदीलगतच्या वस्तीत पेटता कापूस पडून घरे, दुकाने, गोदामे खाक झाली. आगीचा विमा, स्फोट आणि युद्धकाळ, असा हा तिढा. अखेर भारत सरकारने त्याच वर्षी स्फोटाच्या भरपाईचा खास अध्यादेश काढला.

२९/
स्वातंत्र्यानंतर भारताने ब्रिटनची वाट आणखी पुढे नेली. १९६८ च्या दुरुस्तीने दर ठरवणाऱ्या टॅरिफ सल्लागार समितीला कायद्याचे बळ मिळाले. १९७२ मध्ये राष्ट्रीयीकरणाचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९७३ पासून १०७ विमा संस्था चार सरकारी कंपन्यांत सामावल्या. दर एक, शब्द एक, मालकही एकच. निवडीचा त्रास संपला, कारण निवडच संपली.

३०/
३० सप्टेंबर १९९३. किल्लारी. पहाटेच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाची जड छते झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो बळी गेले, गावेच्या गावे पुन्हा वसवावी लागली. ती उभी राहिली शासनाच्या तिजोरीतून, जागतिक बँकेच्या कर्जातून आणि देशभरातून आलेल्या मदतीतून. घराचा विमा हा शब्द त्या गावांच्या कानावरही गेला नव्हता. १६६६ च्या लंडनप्रमाणेच तिथेही आधार होता तो आपत्तीनंतरच्या मदतीचा.

३१/
२००० नंतर खासगी कंपन्या परतल्या. १ जानेवारी २००७ पासून आगीच्या विम्याचे दर मुक्त झाले. दर उतरले, परंतु त्याचा लाभ प्रामुख्याने कारखान्यांना, मोठ्या ग्राहकांना झाला. घरमालकाच्या हाती पडत होता तो टॅरिफच्या काळातला कागद, उद्योगधंद्यांच्या भाषेतला. भूकंपासाठी त्यात वेगळा हप्ता भरून जोड घ्यावी लागे. न घेतलेल्याला ते कळे ते जमीन हादरल्यावर.

३२/
त्या कागदातले सर्वांत जाचक कलम म्हणजे ‘सरासरी’चे. समजा, घर पुन्हा बांधायला ४० लाख रुपये लागतात, पण मालकाने विमा उतरवला २० लाखांचा. आगीत १० लाखांचे नुकसान झाले. विमा २० लाखांचा असल्याने पूर्ण १० लाख मिळतील असे त्याला वाटते. कंपनी म्हणते, जोखीम अर्धीच आमच्याकडे होती, म्हणून भरपाईही अर्धीच. हाती येतात ५ लाख. हप्ता कमी लागावा म्हणून विमा रक्कम कमी ठेवणारा सामान्य माणूस इथेच अडके.

३३/
उलट बाजूचा गोंधळही तितकाच. मुंबई-पुण्यात एक कोटीला घेतलेल्या सदनिकेच्या किमतीत मोठा वाटा जागेचा असतो. जमीन जळत नाही. विमा हवा असतो तो पुन्हा बांधण्याच्या खर्चाचा, आणि तो बाजारभावापेक्षा पुष्कळ कमी असू शकतो. शिवाय गृहनिर्माण संस्थेने इमारतीचा आग व भूकंप यांचा विमा उतरवावा, असे आदर्श उपविधी सांगतात. तेव्हा संस्थेचा विमा कुठे संपतो आणि आपला कुठे सुरू होतो, हे घेणाऱ्याने आधी पाहायला हवे.

३४/
१ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने ‘भारत गृह रक्षा’ हा प्रमाणित मसुदा लागू केला. घरे आणि घरातले सामान यांच्यासाठी सर्व कंपन्यांचे मूळ शब्द सारखेच. आगीबरोबर भूकंप, पूर, वादळ, दरड आणि दहशतवादी कृत्य यांचाही त्यात समावेश. विमा रक्कम ठरते चटई क्षेत्र गुणिले बांधकामाचा दर या हिशेबाने. सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, आपोआप संरक्षण. आणि ‘सरासरी’चे कलम घरापुरते काढून टाकले.

३५/
न्यूयॉर्कने १८८६ मध्ये जे केले ते भारतीय घरमालकाच्या वाट्याला १३५ वर्षांनी आले. शब्द समान झाल्यामुळे निदान मूळ पॉलिशीपुरते हप्त्याचे आकडे शेजारी ठेवून पाहता येतात. दागिने, मौल्यवान वस्तू यांच्या जोड संरक्षणात मात्र फरक उरतोच, आणि कर्ज देणारी बँक जी पॉलिसी पुढे करते तीच घ्यावी, असा समजही उरतो.

३६/
तिसरा प्रश्न वाजवी दराचा. त्यात ब्रिटनचा अलीकडचा अनुभव बोलका आहे. तिथे टॅरिफ संपले आणि हप्त्यांची तुलना करणारी संकेतस्थळे आली. कंपन्यांनी मग नव्या ग्राहकाला स्वस्त दर द्यायला आणि जुन्याचा दर नूतनीकरणाच्या वेळी दरवर्षी थोडा थोडा चढवायला सुरुवात केली. जो चौकशी करत राही त्याला सवलत, जो विश्वासाने टिकून राही त्याला भुर्दंड. त्यात वृद्धांचे नुकसान अधिक झाले. १ जानेवारी २०२२ पासून तिथल्या नियामकाने घर आणि वाहन विम्यात जुन्या ग्राहकाला नव्यापेक्षा जास्त दर लावण्यास बंदी केली.

३७/
या साऱ्या इतिहासातून काही क्रम हाती लागतो. दर आवळला की पर्याय जातात. दर सोडला की शब्दांत पळवाटा निघतात. शब्द बांधले की दरांची आतषबाजी सुरू होते. प्रत्येक वेळी तोल सावरला तो बाहेरून: फायर कोर्टाने, न्यू हॅम्पशायरच्या न्यायालयाने, राज्यांच्या विधिमंडळांनी, नियामकांनी. एकट्या ग्राहकाने चातुर्याने बाजारावर मात केली, असे क्वचितच घडले.

३८/
म्हणून घराचा विमा शोधताना हप्त्याच्या आकड्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. विमा रक्कम बांधकाम खर्चाची आहे की बाजारभावाची? भूकंप आणि पूर मूळ पॉलिशीत आहेत की जोड म्हणून? ‘सरासरी’चे कलम आहे का? आणि दावे चुकते करण्याचा कंपनीचा लौकिक कसा आहे? यांतला प्रत्येक प्रश्न कोणाच्या तरी जळालेल्या किंवा कोसळलेल्या घरातून आला आहे. उत्तरे लेखी घ्यावीत; आणि तुलना करून देणारा स्वतः काय विकतो, हेही विचारून ठेवावे.